पेशींच्या मधलं विणकाम : कोलॅजेन, सुपारी आणि न उघडणारं तोंड

(यवतमाळ येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय ऐकायला जरा जड आहे. पेशींच्या बाहेरची प्रथिनं. शाळेत आपण पेशी शिकलो. केंद्रक, पेशीद्रव्य, आवरण अशी आकृती काढली, नावं दिली, मार्क मिळाले. त्या आकृतीत दोन पेशींच्या मधल्या जागेत काय असतं, हे मात्र आपण कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. आज त्या मधल्या जागेचा इतिहास सांगायचा आहे.

तो इथेच का सांगायचा? कारण त्या जागेत बिघाड झाला की काय होतं, ते पाहायला आपल्याला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. यवतमाळ, पुसद, वणी, कुठेही दातांच्या डॉक्टरकडे थोडा वेळ बसा. विशी-पंचविशीतला एखादा मुलगा येतो. झुणक्यातली साधी मिरचीसुद्धा त्याला सहन होत नाही, तोंडाची आग होते. शिट्टी वाजवता येत नाही, फुगा फुगवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, तोंड उघड. तो म्हणतो, उघडलंच तर आहे! आणि बोटभरसुद्धा फट नसते.

आता सगळ्यांनी एक करा. आपली मधली तीन बोटं एकत्र धरा, उभी करा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये घालून बघा. बहुतेकांची जातील. ज्यांची जात नाहीत त्यांनी हसण्यावारी नेऊ नका. कारण वेगळंही असू शकतं, पण तोंड एकदा दाखवून घ्या.

या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. दवाखान्यात त्याचं नाव ओएसएमएफ. तो जंतूंनी होत नाही. त्याची सुरुवात गाठीनेही होत नाही. गालाच्या आतल्या नाजूक अस्तराखाली जे विणकाम असतं, ते घट्ट होत जातं. हे विणकाम कोण करतं, ते सैल-घट्ट कसं होतं, हे माणसाला कसं कळलं, त्याची ही गोष्ट आहे.

एकोणिसाव्या शतकात पेशी हाच जीवशास्त्राचा नायक झाला. १८५८ साली बर्लिनच्या रुडॉल्फ विरखॉने मांडलं की आजार समजायचा तर पेशी बघा. फार मोठा विचार होता, आजही आपण त्याच्याच जिवावर निदान करतो. पण त्याचा एक परिणाम झाला. पेशीबाहेरचा जो पदार्थ होता, तो भराव ठरला. भिंतीत विटा महत्त्वाच्या, गारा काय, कसाही चालेल, तसं. वैद्यकात त्याचं नाव एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स. आपण त्याला पेशीबाह्य जाळं म्हणू.

या जाळ्यातलं मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. नाव ग्रीक शब्दावरून आलं, अर्थ सरस तयार करणारं. जुने सुतार लाकूड चिकटवायला जो सरस वापरत, तो जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला असे. तो सरस म्हणजे उकळलेलं कोलॅजेन. आपल्या शरीरात जेवढी प्रथिनं आहेत, त्यातला साधारण चौथा ते तिसरा हिस्सा या एकट्याचा. कातडी, हाड, स्नायुबंध, रक्तवाहिनीची भिंत, सगळीकडे तेच. इतकं मुबलक, आणि तरी १९५० पर्यंत त्याची आतली रचना नीट कळलेली नव्हती.

ती उलगडली आपल्या देशात. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन नावाचे तिशीतले प्राध्यापक होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांनी त्यांना सुचवलं की कोलॅजेनचा प्रश्न अजून सुटलेला नाही. चांगला नमुना हवा होता. तो शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत मिळाला : कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध! त्यावर क्ष-किरण टाकून रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ आणि १९५५ साली सांगितलं की कोलॅजेनचा रेणू तीन पेडांचा आहे.

कापसाच्या जिल्ह्यात हे समजावायला सोपं जातं. एकेरी धागा ओढला की तुटतो. तीन धागे एकमेकांभोवती पिळले की दोर होतो आणि तो ओढ सोसतो. निसर्गाने तेच केलं. प्रत्येक पेडात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन नावाचं सर्वांत लहान अमिनो आम्ल ठेवलं, कारण तीन पेड जिथे मध्यभागी एकत्र येतात तिथे मोठ्या कशालाही जागाच नाही. ती एक जागा चुकली तरी पीळ बिघडतो. ठिसूळ हाडांच्या आनुवंशिक आजारात बहुतेक वेळा हीच चूक सापडते.

आता बघा, त्याच सुमाराला दुसरीकडे काय चाललं होतं. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरने लंडनच्या आंतरराष्ट्रीय दंत परिषदेत पाच स्त्रियांची माहिती मांडली. त्या केनियात राहणाऱ्या भारतीय स्त्रिया होत्या. तोंडाचं अस्तर पांढुरकं, ताठ, तोंड उघडत नाही. त्याने आजाराला लांबलचक लॅटिन नाव दिलं आणि त्यात एक शब्द घातला, ज्याचा अर्थ ‘कारण अज्ञात’. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी असेच रुग्ण नोंदवले आणि ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव वापरलं. अस्तराखाली तंतू वाढलेत, एवढं साधं सांगणारं नाव. तेच टिकलं.

म्हणजे मद्रासमध्ये दोराचा पीळ उलगडत होता आणि मुंबईत त्याच दोराने आवळलेली तोंडं तपासली जात होती. दोन्ही कामं दोन-तीन वर्षांच्या अंतराने झाली. पण ती एकमेकांना भेटायला पुढे तीस वर्षं गेली.

मधली तीस वर्षं कशात गेली? कारण शोधण्यात. मुंबईत परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र होतं. वसंत रामजी खानोलकर त्याचे प्रमुख. भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया घालणारे जे थोडे लोक झाले, त्यातले ते एक. त्यांच्या सहकारी सत्यवती सिरसाट यांनी या आजाराचे नमुने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले. संशयित पहिला कोण? मिरची! साहजिक आहे. रुग्णाला तिखट लागलं की आग होते, रुग्ण बहुतेक भारतीय आणि भारतीय माणूस मिरची खातो. सिरसाट आणि खानोलकर यांनी १९६० साली उंदरांच्या टाळूला मिरचीतलं कॅप्सायसिन लावून बघितलं आणि तसे बदल दिसल्याचं लिहिलं. १९६२ साली त्यांनी सुपारीतलं अरेकोलीनही उंदरांवर तपासलं. म्हणजे खरा धागा हाताला लागला होता. पण त्या वेळी निकाल लागला नाही.

इथे मला त्यांच्यावर टीका करायची नाही. त्यांच्या हातात जी साधनं होती त्यांनी त्यांनी प्रामाणिकपणे शोध घेतला. पण मिरचीचं बोट जिथे दाखवलं, तिथे एक अडचण होती आणि ती आपल्या महाराष्ट्राने दाखवली. टाटा संस्थेचे डॉ. फली मेहता आणि सहकारी गावोगाव फिरले. पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं त्यांनी तपासली. ते काम १९७२ साली प्रसिद्ध झालं. एक लाखाच्या वर माणसं, घरोघरी जाऊन! त्या माणसांत हा आजार फारच विरळ निघाला. आता सांगा, पुणे जिल्ह्यातला शेतकरी काय मिरची खात नव्हता? ठेच्याशिवाय त्याची न्याहारी होत होती का?

मग गुजरातेत भावनगरला एक अभ्यास झाला, १९९० साली प्रसिद्ध झाला. साठ रुग्ण आणि त्यांच्या जोडीला आजार नसलेली साठ माणसं. रुग्णांपैकी ९८ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात सुपारी खाणारे. आजार नसलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के. संशयिताची ओळखपरेड झाली म्हणा ना.

पण नुसती ओळख पटून भागत नाही. सुपारी गालाला नेमकं करते काय? इथे कोलॅजेनवाले आणि तोंडाचे डॉक्टर एकमेकांना भेटले. या प्रश्नाचं उत्तर तीन पायऱ्यांनी आलं.

पहिली पायरी. कोलॅजेन विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात, आपण विणकर पेशी म्हणू. १९८६ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की सुपारीतल्या अरेकोलीनसारख्या द्रव्यांनी या विणकर पेशी जास्त कोलॅजेन विणतात. तोंडात सुपारीबरोबर चुना असतो. चुन्यामुळे अरेकोलीनचं रूप बदलून अरेकायडीन बनतं, ते तर आणखी जोरात काम करतं. वणीकडे चुनखडी निघते, चुना आपल्या ओळखीचा. तो ठेल्यावरच्या डबीत आला की असा कामाला लागतो.

दुसरी पायरी. विणलेला माल नेहमी जुना होऊन मोडला जातो आणि नवा येतो, हे शरीराचं रोजचं चाललेलं असतं. सुपारीत टॅनिनच्या जातीची द्रव्यं असतात. टॅनिन म्हणजे काय? बाभळीच्या सालीत जे असतं ते. चामडं कमावायला आपल्याकडे बाभळीची साल वापरत, कारण त्याने कातड्यातलं कोलॅजेन पक्कं होतं आणि कुजत नाही. १९८७ साली दाखवण्यात आलं की सुपारीतली द्रव्यं कोलॅजेनला तसंच पक्कं करतात, मग ते मोडणारी विकरं त्याला मोडू शकत नाहीत. सरळ भाषेत बोलायचं तर आपण आपला गाल जिवंतपणी कमावतो आहोत.

तिसरी पायरी विदर्भाला जवळची आहे. लाखोळीची डाळ आपल्याला माहीत आहे. ती जास्त दिवस मुख्य अन्न म्हणून खाल्ली की पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. लाखोळीतलं विष मज्जातंतूंवर जातं, ते वेगळं. पण तिची एक चुलत बहीण आहे, बागेतला गोड वास असलेला वाटाणा, स्वीट पी. १९३३ साली उंदरांना त्याच्या बिया चारल्या तर त्यांची हाडं वाकडी झाली. पुढे कळलं की त्या बियांतलं द्रव्य कोलॅजेनच्या दोरांना एकमेकांशी गाठी मारू देत नाही. दोर आहेत, पण जाळं नाही. हाड उभं राहणार कसं? १९६८ साली पिनेल आणि मार्टिन यांनी या गाठी मारणारं विकर शोधलं. त्याचं नाव लायसिल ऑक्सिडेज. त्याला काम करायला तांबं लागतं. तांबं कमी पडलं की गाठी कमी, आणि तांबं न मिळालेल्या कोंबडीच्या पिल्लांची महाधमनी फुटायची.

आता दुसरं टोक बघा. सुपारीत तांब्याचं प्रमाण बरंच असतं. १९९० च्या दशकात सबम्यूकस फायब्रोसिसच्या रुग्णांच्या गालाचे नमुने तपासले, तेव्हा हेच लायसिल ऑक्सिडेज त्यात वाढलेलं दिसलं. स्वीट पी खाणाऱ्या उंदराच्या जाळ्यात गाठी कमी पडल्या, सुपारी खाणाऱ्या माणसाच्या जाळ्यात जास्त झाल्या. तिकडे हाड वाकलं, इकडे तोंड मिटलं. एकाच विकराची ही दोन टोकं.

म्हणजे विणकाम जास्त, मोडणं कमी आणि गाठी पक्क्या. तिन्ही गोष्टी एकाच पुडीतून येतात.

आता तुम्ही म्हणाल, गाल ताठ झाला, तोंड उघडत नाही, त्रास आहे, पण जीव तर जात नाही. इथे इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात या आजाराच्या ६६ रुग्णांवर सतरा वर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९८५ साली त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ६६ पैकी पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला. ७.६ टक्के. पाच हा आकडा लहान वाटतो. पण आपल्या जिल्ह्यात जी मुलं आज विशीत आहेत, त्यांच्यापुढे सतरा वर्षं नाही, चाळीस वर्षं आहेत.

ताठ झालेल्या जाळ्यावरची पेशी बिघडते का? सुपारीत पेशीच्या डीएनएला इजा करणारी द्रव्यंही आहेत, हे खरं. पण जाळ्याचाही वाटा आहे, असं आता मानतात. याचं श्रेय मोठ्या प्रमाणात अमेरिकेतल्या मीना बिसेल यांना जातं. १९८२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की पेशीबाहेरचं जाळं पेशीतल्या जनुकांनाही काम सांगतं. त्या काळात हे बऱ्याच जणांना पटलं नाही. गारा विटेला काय सांगणार? पण १९८६ च्या सुमाराला पेशीच्या आवरणातले इंटेग्रिन नावाचे रेणू ओळखले गेले. ते एका हाताने बाहेरचं जाळं धरतात आणि दुसऱ्याने पेशीच्या आतला सांगाडा. बाहेर ओढ बसली की आत कळतं. २००६ साली तर एकाच प्रकारच्या मूळपेशी मऊ, मध्यम आणि कडक पृष्ठभागावर वाढवून बघितल्या. मऊवरच्या मज्जापेशींसारख्या व्हायला लागल्या, मधल्या स्नायूंसारख्या आणि कडकवरच्या हाडासारख्या. पेशी तीच, जमीन वेगळी. शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला नको. एकच बियाणं काळ्या जमिनीत वेगळं येतं आणि बरड्यावर वेगळं.

गर्भात अवयव घडताना, जखम भरताना, वय होताना हाच संवाद चालू असतो. यकृत निबर होतं, फुप्फुस आकसतं, तिथेही जाळंच बिघडलेलं असतं. गालाचा आजार हा त्या कुटुंबातला एक सदस्य. फरक इतकाच की त्याचं कारण आपण स्वतः ठेल्यावर घोटून घेतो.

आता थोडं कायद्याकडे. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात ती टिकली नाही. त्याच वर्षी, २००४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने आपला ग्रंथ काढला आणि सुपारी माणसात कर्करोग करते असं स्पष्ट सांगितलं. तंबाखूशिवायची, नुसती सुपारी. २०१२ साली महाराष्ट्रात पुन्हा गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली.

बंदी पुडीवर आली. पण विदर्भात मुख्य चाल खर्ऱ्याची आहे. पानठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचे, की झालं. त्याला कारखाना लागत नाही. सकाळी कापूस वेचायला जाणारी बाई कमरेला खर्रा खोचून जाते. भूक मारते, तरतरी येते, दिवस निघतो. हे मी दोष द्यायला सांगत नाही. ज्याला दुपारी जेवायला सवड नाही, त्याला खर्रा सोड म्हणणं सोपं आहे.

पण एक गैरसमज आपण सुशिक्षितांनी वाढवला आहे. आपण भिंतीभिंतीवर तंबाखूविरुद्ध लिहिलं. लोकांनी त्याचा अर्थ घेतला की तंबाखू वाईट, सुपारी चांगली. सुपारी तर पूजेत गणपती म्हणून मांडतो, लग्न ठरताना फोडतो, पाहुण्याला तबकात देतो. मग आई स्वतःच्या हाताने लेकराला गोड सुपारीची पुडी देते. तोंड मिटवणाऱ्या या आजाराचं मुख्य कारण मात्र सुपारीच आहे. पूजेतली सुपारी पूजेत राहू द्या, तिथे ती कुणाचा गाल आवळत नाही.

मंडळी, भराव म्हणून ज्याकडे शंभर वर्षं कुणी लक्ष दिलं नाही, तोच आपल्या पेशींना वागायला शिकवतो. तो बिघडतो हळूहळू, आणि एकदा गाठी बसल्या की सहज सुटत नाहीत. म्हणून या आजारात लवकर कळणं हेच मोठं औषध आहे. तीन बोटांची परीक्षा घरी गेल्यावर मुलांकडून करून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : सुपारी सोडली तर तोंड पुन्हा उघडतं का?

उत्तर : सरळ सांगतो. आग कमी होते, आजार पुढे सरकणं बहुतेक वेळा थांबतं किंवा मंदावतं. पण झालेलं घट्टपण पूर्ण जात नाही. तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात इंजेक्शनं, फार झालं तर पट्टे कापण्याची शस्त्रक्रिया, याने फट वाढवता येते. शस्त्रक्रियेनंतर व्यायाम सोडला तर पुन्हा आकसतं. आणि सोडल्यावरही दर काही महिन्यांनी तोंड तपासून घ्यावं लागतं, कारण कर्करोगाचा धोका शून्य होत नाही. तरी सोडाच. लवकर सोडलेल्याचा फायदा उशिरा सोडलेल्याहून फार मोठा आहे.

प्रश्न : सर, माझा मुलगा कॉलेजात आहे. तो म्हणतो, मी तंबाखू खात नाही, साधी सुपारी खातो. त्याला काय सांगू?

उत्तर : त्याला भाषण देऊ नका ताई. त्याला आरशासमोर उभा करा आणि तीन बोटं घालायला सांगा. जात असतील तर म्हणा, बाबा, अजून वेळ आहे. जात नसतील तर उद्याच आपल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात घेऊन जा. आणि वाटेत ठेला लागला तर थांबू देऊ नका.